हेल्पलाइनला फोन करायचा आहे? नंबर लावण्याआधी, बोलताना आणि फोन ठेवल्यावर काय करायचं

मी मुलींच्या वसतिगृहात गृहपाल आहे. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती तेव्हाची गोष्ट. रात्री साडेअकराला फेरी मारताना दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात एक मुलगी बसलेली दिसली. हातातल्या फोनवर कुणीतरी ग्रुपवर टाकलेली अकरा हेल्पलाइनची यादी होती. पहिला नंबर बंद पडलेला. दुसरा नुसताच वाजत राहिला, कारण ती सेवा रात्री आठपर्यंतच चालते. तिसरा लागला, पण मशीनवरचा आवाज भाषा निवडायला सांगू लागला आणि तिने दचकून फोन कट केला. "मॅडम, कोणीच उचलत नाहीये," एवढंच म्हणाली. मग मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. आम्ही दोघींनी मिळून १४४१६ लावला, मराठी निवडली आणि थांबलो. पलीकडून माणसाचा आवाज आला तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता. चाळीसेक मिनिटं ती बोलली.

त्या यादीत योग्य नंबर होता. तो कधी चालू असतो, लागल्यावर काय ऐकू येतं आणि आधी काय तयारी करायची, हे मात्र तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. नंबर पुढे ढकलणारे पुष्कळ भेटतात, फोन कसा करायचा ते सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून हा लेख. टप्पे लिहिले आहेत त्याच क्रमाने घ्या. पहिले चार टप्पे बरं वाटत असताना उरकून ठेवायचे आहेत, कारण मन ढासळलेलं असताना याद्या तपासण्याचं त्राण कुणातच नसतं.

## सगळ्यात आधी: जिवाला आत्ता धोका असेल तर

स्वतःला इजा करून घेण्याचा विचार आत्ता, या घडीला जोर धरत असेल, किंवा कुणी स्वतःला इजा करून घेतली असेल, तर बाकीचा लेख बाजूला ठेवा.

- ११२ लावा. रुग्णवाहिका हवी असेल तर महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८.
- त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. पाणी आणायलाही दुसऱ्याला पाठवा.
- इजा होऊ शकेल अशा वस्तूंपासून तिला दूर न्या, किंवा त्या वस्तू खोलीतून हलवा.
- जवळच्या सरकारी किंवा खाजगी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. काही पोटात गेल्याची शंका असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. पाकीट किंवा बाटली सापडली तर डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या.

इथे होणारी सगळ्यात महागडी चूक म्हणजे "पोलीस केस होईल" या भीतीने रुग्णालयात न्यायला उशीर करणं. रुग्णालय पोलिसांना कळवू शकतं, हे खरं आहे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला मदत, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतलं, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं कलम ३०९ राहिलेलंही नाही. जबाब द्यावा लागला तर तो नंतर देता येतो, आधी रुग्णालय गाठा.

## टप्पा १: आपली अडचण कुणाकडे न्यायची ते ठरवा

"हेल्पलाइन" म्हटलं की सगळ्या एकाच कामाच्या वाटतात. तसं नाही. रॅगिंगची तक्रार समुपदेशन हेल्पलाइनकडे नेली तर ते तुमचं ऐकून घेतील, धीर देतील, पण कॉलेजवर कारवाई करणं त्यांच्या हातात नसतं. उलट परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या मुलाला तक्रार नोंदवणाऱ्या सेवेचा उपयोग नाही.

मन बेचैन आहे, रडू येतं, झोप नाही, जगणं नकोसं वाटतं: टेली-मानस, १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीतही. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिची मुख्य संस्था आहे. एकच नंबर पाठ करायचा असेल तर हा करा.

अभ्यास, परीक्षा, निकाल, शाळा-कॉलेजातला ताण: शिक्षण मंत्रालयाचं मनोदर्पण, ८४४८४४०६३२, सकाळी आठ ते रात्री आठ. विद्यार्थी, पालक आणि शिक्षक तिघांनाही इथे बोलता येतं. सीबीएसईच्या मुलांसाठी मंडळाचा १८००-११-८००४ हा नंबर आहे. राज्य मंडळ दहावी-बारावीच्या काळात विभागवार समुपदेशक नेमतं आणि त्यांचे नंबर दरवर्षी नव्याने जाहीर करतं. गेल्या वर्षीचं कात्रण जपून ठेवून उपयोग नाही.

वय १८ च्या आत आहे आणि मारहाण, छळ, लैंगिक अत्याचार, बालविवाहाची जबरदस्ती, घरातून निघून जाण्याची वेळ: १०९८. चोवीस तास, मोफत.

रॅगिंग: १८००-१८०-५५२२. याबद्दल टप्पा ८ मध्ये सविस्तर.

फोटो किंवा व्हिडिओ पसरवण्याची धमकी, ऑनलाइन फसवणूक, कर्ज देणाऱ्या ॲपचा त्रास: १९३०. पैसे गेले असतील तर इथे तास-दोन तासांनीही फरक पडतो, म्हणून आधी हा फोन आणि मग मन मोकळं करायला दुसरा.

दारू, गांजा, गोळ्यांचं व्यसन: १४४४६.

मुलगी किंवा महिला अडचणीत: १८१.

अनेकदा दोन अडचणी एकमेकींत गुंतलेल्या असतात. ब्लॅकमेल होणारी मुलगी फक्त घाबरलेली नसते, तिला जगणंही नकोसं झालेलं असू शकतं. अशा वेळी जिवाची काळजी आधी घ्यायची: पहिला फोन १४४१६, दुसरा १९३०.

## टप्पा २: नंबर तपासा, तीनच ठेवा

अकरा नंबरांची यादी संकटात कामाला येत नाही. फोनमध्ये तीन नंबर हवेत: एक चोवीस तास चालणारा, एक आपल्या भागातला किंवा आपल्याला सोयीचा वाटणारा, आणि एक ओळखीच्या जिवंत माणसाचा. मामा, मावशी, शाळेतल्या बाई, रूम पार्टनर, कुणीही चालेल. अट एकच, रात्री दोनला फोन केला तर ती व्यक्ती उचलेल याची तुम्हाला खात्री हवी.

दुसऱ्या नंबरासाठी काही पर्याय. पुण्यातल्या कनेक्टिंग ट्रस्टचा ९९२२००४३०५ दुपारी बारा ते रात्री आठ या वेळेत चालतो. तिथले प्रशिक्षित स्वयंसेवक ऐकून घेतात, उपदेश करत नाहीत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आयकॉलवर, ९१५२९८७८२१, व्यावसायिक समुपदेशक असतात. ही सेवा सोमवार ते शनिवार ठरावीक वेळेत चालते आणि ईमेलवरही संपर्क करता येतो. नवी मुंबईच्या आसराचा नंबर ९८२०४६६७२६. वांद्रेवाला फाउंडेशनच्या ९९९९६६६५५५ वर व्हॉट्सॲपवरूनही लिहिता येतं. ज्यांना बोलायचं म्हटलं की आवाजच फुटत नाही, त्यांना लिहिण्याची सोय फार मोलाची वाटते. गोव्यात कूज या संस्थेचा ०८३२-२२५२५२५ आहे, तोही ठरावीक तासांपुरताच.

सरकारी टोल-फ्री नंबर सोडले तर बाकीचे साधे मोबाइल किंवा लँडलाइन नंबर आहेत, तेव्हा रिचार्ज संपलेला असेल तर ते लागणार नाहीत. रात्रीच्या वेळी ही गोष्ट हमखास आडवी येते.

सावधान: नंबर शोधताना वर दिसणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नका. कुणी "पहिलं सत्र मोफत, पुढे एवढे रुपये" असं म्हणालं, ओटीपी मागितला, फोटो मागितला किंवा एखादं ॲप डाउनलोड करायला लावलं, तर फोन ठेवा. यातलं काहीही खरी हेल्पलाइन मागत नाही.

तपासून पाहा: तिन्ही नंबर आज, उजेडात, एकदा लावून बघितले का? "सेवा चालू आहे का आणि वेळ काय, एवढंच विचारायचं होतं" असं म्हटलं तर कुणी रागावत नाही. फोन दुसऱ्याच्या हातात जात असेल तर नंबर वेगळ्या नावाने सेव्ह करा. आमच्या एका मुलीने १४४१६ "झेरॉक्स दुकान" म्हणून ठेवला होता.

## टप्पा ३: जागा आणि वेळ निवडा

वसतिगृहात, अभ्यासिकेत किंवा दोन खोल्यांच्या घरात एकांत मिळवणं हीच खरी अडचण असते. मुलं बोलायला गच्चीवर जातात. मन खूप खाली गेलेलं असेल तर गच्चीवर जाऊ नका, नदीकाठ किंवा रेल्वे रुळांकडेही नको. माणसांची ये-जा असलेली पण आपलं बोलणं कानावर जाणार नाही अशी जागा घ्या: मैदानाचा कट्टा, देवळाचं आवार, कॉलेजची बाग, एसटी स्टँडवरचा कोपऱ्यातला बाक. चालत चालत बोललं तरी चालतं. मला तर चालत बोलणाऱ्या मुली लवकर मोकळ्या होताना दिसतात.

घरातूनच बोलावं लागणार असेल तर कोण कधी बाहेर असतं ते बघून वेळ ठरवा. तासभर तरी हाताशी ठेवा. दहा मिनिटांत क्लासला पळायचं आहे अशा वेळी फोन लावला तर जखम उघडी पडते आणि तशीच राहते.

फोनची तयारी:

- निम्म्याहून जास्त बॅटरी, किंवा चार्जर जवळ.
- इअरफोन. ब्लूटूथ बंद करा. आवाज दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरवर गेल्याचे प्रकार घडले आहेत.
- सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड करणारं ॲप असेल तर बंद करा.
- नेटवर्क नीट नसलेल्या खोलीत बसू नका. बोलण्याच्या भरात कॉल तुटला की पुन्हा लावायचा धीर होत नाही.
- फोन घरच्यांचा असेल तर नंतर कॉल लॉगमधून नंबर काढून टाका.

सावधान: हे सगळं जमत नाही म्हणून फोन लांबणीवर टाकू नका. तयारी नीट असेल तर उत्तमच. नसेल आणि जीव घाबरा झाला असेल, तर जिथे असाल तिथून, जसे असाल तसे, लावा.

## टप्पा ४: कागदावर चार ओळी लिहा

"काय बोलू?" या एका प्रश्नावर निम्मे फोन अडतात. वहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहा.

१. मी कोण: वय, काय शिकतो, कुठे राहतो. नाव सांगायचं नसेल तर लिहू नका.
२. काय होतंय: झोप, भूक, रडू, राग, भीती, अभ्यासात लक्ष. जे आहे ते.
३. कधीपासून, आणि आजच फोन करावासा का वाटला.
४. आज मला काय हवं: नुसतं ऐकून घ्या, काय करू ते सांगा, की डॉक्टर कुठे मिळतील ते सांगा.

चौथी ओळ मुलं गाळतात आणि तीच सगळ्यात कामाची आहे. "मला सल्ला नकोय, फक्त ऐका" असं सुरुवातीलाच सांगितलं तर पलीकडचा माणूस तसा ऐकतो. नाही सांगितलं तर तो उपाय सुचवू लागतो आणि इकडे मुलाला वाटतं, यांना माझं काही समजलंच नाही.

पहिलं वाक्य तर शब्दशः लिहून ठेवा आणि वाचून दाखवा. लाजायचं कारण नाही. "मला बोलायचंय पण सुरुवात कुठून करू कळत नाही." किंवा "मी पहिल्यांदाच फोन करतोय, मला भीती वाटतेय." एवढं पुरतं. पुढचा धागा काढणं त्यांचं काम आहे आणि ते त्यांना येतं.

घेत असलेली औषधं, आधी कुणाकडे उपचार झाले असतील ते, आणि एखादा दुसरा आजार हेही बाजूला टिपून ठेवा.

## टप्पा ५: फोन लावा, आणि कट करू नका

टेली-मानसला आधी मशीनचा आवाज येतो, भाषा निवडायला सांगतो, मग समुपदेशकाशी जोडून देतो. मधे थोडं थांबावं लागू शकतं. बहुतेक जण इथेच फोन ठेवतात. मशीनचा आवाज आला याचा अर्थ फोन बरोबर लागला आहे. मराठी निवडा आणि थांबा. गर्दीमुळे नाहीच लागला तर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा लावा, दुसऱ्यांदाही नाही लागला तर तीनपैकी पुढचा नंबर घ्या. "मला बोलायला कुणीच नाही" असा अर्थ त्यातून काढू नका. लाइन व्यस्त होती, बस.

माणूस बोलायला लागला की साधारण असे प्रश्न येतात: वय काय, कुठून बोलताय, सोबत कुणी आहे का, त्रास कधीपासून आहे. आणि एक प्रश्न थेट येऊ शकतो: "मरावंसं वाटतं का? तसा काही बेत मनात आहे का?" हा प्रश्न ऐकून मुलं हादरतात, आपण काही चुकीचं बोललो असं त्यांना वाटतं. तसं काही नसतं. धोका किती आहे हे कळल्याशिवाय पुढची मदत ठरवता येत नाही, म्हणून तो विचारतात. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. उत्तर खरं द्या. "हो, कधीकधी येतो" हेही पूर्ण उत्तर आहे. "छे छे, तसं काही नाही" असं लाजेखातर म्हणाल तर समोरचा तेच धरून चालेल.

रडू आलं तर रडा, ते थांबतील. गप्प बसावंसं वाटलं तर "मी आहे लाइनवर, थोडं थांबा" एवढं म्हणा.

गुप्ततेबद्दल अर्धवट माहितीमुळे बरीच मुलं फोनच करत नाहीत, म्हणून नीट सांगते. तुम्ही बोललेलं घरी किंवा कॉलेजात कळवलं जात नाही. अपवाद दोन. कुणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर ते इतरांची मदत घेऊ शकतात. आणि १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, त्यात समुपदेशकही आले. शंका असेल तर बोलायला लागण्यापूर्वीच विचारा: "मी सांगितलेलं कुणाला कळेल का? कोणत्या परिस्थितीत?" स्पष्ट उत्तर मिळणं हा तुमचा हक्क आहे.

आता एक अवघड गोष्ट. कधीकधी पलीकडचा माणूस जमत नाही. घाईत असतो, "अहो, सगळ्यांनाच टेन्शन असतं" असं काही बोलून जातो. असं झालं तर "माझं म्हणणं तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीये, दुसऱ्या कुणाशी बोलता येईल का?" असं विचारा. नाही जमलं तर फोन ठेवा आणि पुन्हा लावा, बहुधा दुसरी व्यक्ती उचलेल. मला हे कळवळून सांगायचं आहे, कारण एका वाईट कॉलनंतर दोन वर्षं कुणाशीच न बोललेली मुलगी मी पाहिली आहे. ती मुलगी इतकी वर्षं ओझं वाहत राहिली, ती त्या एका माणसाच्या पाच मिनिटांमुळे.

## टप्पा ६: फोन ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या

मन हलकं झालं की मुलं "थँक्यू" म्हणून पटकन ठेवून देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सगळं अंगावर येतं आणि काय करायचं ते माहीत नसतं. म्हणून त्याच कागदावर लिहून घ्या:

- मी पुढे काय करायचं? (पुन्हा फोन, डॉक्टर, कॉलेजचे समुपदेशक.)
- कधी आणि कुठे? डॉक्टरांकडे पाठवत असतील तर रुग्णालयाचं नाव, कोणता विभाग, कोणत्या दिवशी.
- आज रात्री जास्त त्रास झाला तर काय?

टेली-मानसमध्ये समुपदेशकाला गरज वाटली तर तो तुम्हाला पुढे मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाशी जोडतो, आणि तिथून प्रत्यक्ष उपचारांकडे पाठवतो. "मला तज्ज्ञांशी बोलायचं आहे" असं तुम्ही स्वतःही म्हणू शकता.

तपासून पाहा: कागदावर तिन्ही उत्तरं लिहिली आहेत का? एखादं राहिलं असेल तर "एक मिनिट, हे परत सांगता?" म्हणा.

## टप्पा ७: पुढचा आठवडा

फोननंतर लगेच पुस्तक उघडू नका. पाणी प्या, काहीतरी खा. पहिल्या चोवीस तासांत एका माणसाला एक वाक्य सांगा: "मी काल हेल्पलाइनशी बोललो, सध्या मला ठीक वाटत नाहीये." सगळं सांगायची गरज नाही. जीव देण्याचे विचार येत असतील तर मात्र त्या माणसाला तेही सांगा, आणि धोक्याच्या वस्तू काही दिवस त्याच्याकडे ठेवायला द्या.

एका कॉलमध्ये सगळं सुटेल ही अपेक्षा घेऊन जाणारे निराश होतात. दोन आठवडे झोप-भूक सुधारत नसेल, कॉलेजला जाववत नसेल, मरणाचे विचार परत परत येत असतील, तर प्रत्यक्ष तपासणीची वेळ झाली आहे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तपासणी होते, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभागाची ओपीडी असते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि तिथेही बाह्यरुग्ण विभाग चालतो. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. सरकारी ओपीडी सकाळी असते. लवकर जाऊन केस पेपर काढा, आधार कार्ड आणि तो चार ओळींचा कागद सोबत न्या. १८ च्या आत असाल तर उपचारासाठी पालक किंवा सांभाळ करणारी व्यक्ती लागेल.

समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून मदत करतात. औषधं लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेला डॉक्टर असतो. औषधं सुरू झाली तर बरं वाटू लागलं म्हणून मनाने बंद करू नका, आणि रूम पार्टनरच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका.

## टप्पा ८: कॉलेजला कळवायचं असेल तर

सुट्टी हवी आहे, परीक्षेत सवलत हवी आहे, रॅगिंग चाललंय, अशा गोष्टी हेल्पलाइनवर सुटत नाहीत. तिथे कॉलेजच लागतं.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ ला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला हवा. टेली-मानससह हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहात, वर्गांत आणि वेबसाइटवर ठळक लावायला हवेत. या सूचना कोचिंग क्लासेसनाही लागू आहेत, आणि गुणांनुसार मुलांच्या वेगळ्या बॅच पाडू नयेत असंही त्यात म्हटलं आहे. तुमच्या कॉलेजात असं कुणी नसेल तर प्राचार्यांना लेखी विचारा. तोंडी विचारलेलं संध्याकाळपर्यंत विसरलं जातं.

रॅगिंगसाठी क्रम असा ठेवा. आधी तारीख, वेळ, जागा, कोण होतं ते लिहा आणि मेसेज, स्क्रीनशॉट जपा. मग १८००-१८०-५५२२ वर फोन करा आणि तक्रार क्रमांक घ्या. त्यानंतर कॉलेजच्या अँटी-रॅगिंग समितीला लेखी द्या आणि पोचपावती घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार गुन्हा घडल्याचं दिसत असेल तर माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत पोलिसांत तक्रार देण्याची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर आहे. सिनिअर मुलं "आपसात मिटवू" म्हणून आधी गाठतात. तक्रार क्रमांक हातात आल्याशिवाय त्या बैठकीला बसू नका.

## परदेशात शिकणाऱ्यांसाठी

१४४१६ हा नंबर परदेशातून लागेल असं धरून चालू नका. अमेरिकेत ९८८ (फोन किंवा मेसेज), ब्रिटनमध्ये ११६ १२३, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४ हे चोवीस तास चालणारे नंबर आहेत. विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र कुठे आहे ते पहिल्या आठवड्यातच बघून घ्या. फोन करून व्हिसावर परिणाम होईल, या ऐकीव भीतीपोटी गप्प राहू नका.

## मित्र आणि पालकांनी काय करायचं

तुम्हालाही १४४१६ लावता येतो. "माझा मुलगा बोलत नाहीये, मी काय करू?" हा तिथे नेहमी येणारा प्रश्न आहे.

मित्रांनो, "कुणाला सांगणार नाही, शप्पथ" असं वचन जिवाच्या बाबतीत देऊ नका. "तुझं गुपित ठेवीन, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी मोठ्या माणसाला सांगणार" असं आधीच बोला. फोन लावायला सोबत बसा, पण बोलू त्याला द्या.

पालकांसाठी माझी कळकळीची विनंती. मूल बोलत असताना दाराशी उभं राहू नका. स्पीकर सुरू करायला लावू नका. नंतर "काय काय सांगितलंस त्यांना?" असं विचारू नका. "बोललास ते बरं केलंस, जेवून घे" एवढंच म्हणा. आणि "लोक काय म्हणतील" हे वाक्य त्या दिवसापुरतं तरी तोंडातून जाऊ देऊ नका.

निकालाची तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी घरात तीन गोष्टी ठरवून टाका: निकाल कुणासोबत बघायचा, नातेवाइकांचे फोन कोण घेणार, आणि गुण काहीही पडले तरी संध्याकाळी सगळे एकत्र जेवणार. दाराच्या आतल्या बाजूला कागदावर १४४१६ मोठ्या अक्षरात लिहून लावा. निकालाच्या आदल्या आणि त्या दिवशीच्या रात्री घरात कोण जागं राहणार तेही आधीच ठरवा, आणि मुलाला तसं सांगून ठेवा: "मी बाहेरच्या खोलीत आहे, कधीही उठव."